बिलियर्डच्या टेबलावरचा बांध

टीव्हीवर स्नूकरचा सामना लागला की टेबलाच्या एका टोकाला हिरव्या बनातीवर एक आडवी रेघ आणि तिला चिकटलेलं अर्धवर्तुळ दिसतं. खालच्या कुशनपासून 29 इंचांवरची ही रेघ म्हणजे ‘बॉक लाइन’. अर्धवर्तुळ ‘डी’ का, हे त्याच्या आकारावरूनच कळतं. ‘बॉक’चं काय?

हा शब्द मूळचा शेतातला. इंग्लंडात नांगरताना मध्ये राखलेल्या पडीक पट्टीला बॉक म्हणत. आपल्याकडचा बांधच म्हणा ना! पुढे त्याला ‘अडवणूक’ असा अर्थ चिकटला. बिलियर्डमध्ये ही रेघ खरोखरच अडवते. चेंडू हातात आलेल्या खेळाडूला ‘डी’मधून खेळावं लागतं, पण रेघेच्या मागे असलेल्या चेंडूवर थेट मारता येत नाही. आधी रेघ ओलांडायची, कुशनवर आपटायचं, मग परत यायचं. म्हणून धूर्त खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खिशात घालून उरलेले दोन्ही रेघेमागे ठेवून देतो. याला म्हणतात ‘डबल बॉक’. समोरच्याची पंचाईत पाहण्यासारखी असते.

या रेघेचा सर्वांत गाजलेला उपयोग मात्र वेगळाच. ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम तिन्ही चेंडू कुशनलगत हळूहळू सरकवत शेकडो कॅनन करायचा. जानेवारी 1932मध्ये लंडनला जो डेव्हिसविरुद्ध त्यानं एका खेपेत 4,137 गुण केले. डेव्हिस बिचारा खुर्चीत बसून! त्याच वर्षी नियम आला: ठरावीक गुणांमागे एकदा आपला चेंडू बॉक लाइनपार न्यायलाच हवा. एका माणसाला आवरायला नियम करावा लागला, ही दादच म्हणायची. आणि 1933मध्ये, या नियमानिशीही, जगज्जेता झाला तो लिंड्रमच.

अमेरिकेत खिसे नसलेल्या टेबलावर याच दुखण्यासाठी रेघांचे चौकोनच आखले. एका चौकोनात दोन कॅनन झाले की एक चेंडू बाहेर काढायचा.

आपल्याकडे पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. पुढे मुंबईच्या मायकेल फरेरांनीही तो किताब मिळवला. हे सगळे या रेघेशी झुंजले.

स्नूकरमध्ये पिवळा, तपकिरी आणि हिरवा हे तीन चेंडू याच रेघेवर मांडतात. तिथं ‘डी’मधून कुठल्याही दिशेला मारता येतं. नाव तेवढं ‘बॉक’च राहिलं; ती रेघ आता कुणालाच अडवत नाही.