नातवंडांचा ताबा आणि मृत्युपत्रातील पालक

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, अहमदाबादमधील एका लहान मुलाचे आई-वडील महिनाभराच्या अंतराने दगावले. गुजरात उच्च न्यायालयाने मुलाचा ताबा मावशीकडे दिला. ती वयाने लहान, सरकारी नोकरीत आणि एकत्र कुटुंबात राहणारी. आजोबा मात्र ७१ वर्षांचे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये हा निर्णय फिरविला आणि मुलाला वडिलांच्या आई-वडिलांकडे सोपविले. केवळ उत्पन्न, वय किंवा मोठे कुटुंब यांवर ताबा ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

यावरून आजी-आजोबांना सरसकट हक्क मिळाला, असे मात्र नव्हे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये नातवंडांना भेटण्याचा स्वतंत्र हक्क त्यांना दिलेला नाही. न्यायालय पाहते ते मुलाचे हित. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार त्यात नात्याची जवळीक, समजत्या मुलाचे मत आणि मृत आई-वडिलांची इच्छाही विचारात घेतली जाते.

ही इच्छा लेखी ठेवण्याची सोय १९५६ च्या अधिनियमाच्या नवव्या कलमात आहे. आई-वडिलांना मृत्युपत्राद्वारे पालक नेमता येतो. वडिलांनी नेमलेला पालक आई हयात असेपर्यंत अधिकारावर येत नाही. तिने स्वतः कोणास नेमले असेल, तर तिची निवड चालते. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. विमा पॉलिसीवर नाव घातले की भागले, असा समज शहरी घरांत सर्रास आढळतो. परंतु नॉमिनीचा संबंध पैशांशी. त्यामुळे तो मुलाचा पालक ठरत नाही.