तहहयात घर, पण कवेलू कोण फेरणार?

वऱ्हाडात, अकोल्यात काय अन् अमरावतीत काय, घरमालकाच्या मृत्युपत्रात एक वाक्य ओळखीचे असते: पत्नीने घराचा तहहयात उपभोग घ्यावा, विकू वा गहाण टाकू नये, तिच्या पश्चात घर मुलांचे. या वाक्याचे कूळ हिंदू विधवेच्या जुन्या मर्यादित हक्कात आहे.

नवऱ्यामागे मिळकत तिच्या ताब्यात येई. उत्पन्नाचा हिशेब तिला कुणाला द्यावा लागत नसे, पण विक्री-गहाण मात्र ‘कायदेशीर गरज’ असेल तरच. त्या गरजेची कसोटी 1856 साली प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे खटल्यात घालून दिली. खटला अज्ञान मुलाच्या मिळकतीचा होता. पुढे तीच मोजपट्टी विधवेलाही लागली. पडझड थांबवायला काढलेले कर्ज गरजेत बसे. तरी सावकार बिचकायचा, कारण बाई गेल्यावर पुढचा वारस कोर्टात ‘गरजच नव्हती’ म्हणून उभा राहिला, तर पुरावा सावकारानेच द्यायचा. आणि तो वारस तरी दुरुस्तीला पैसे कशाला देईल? बाई जिवंत आहे तोवर त्याच्या हाती नुसती आशा. ती नासधूस करते म्हणून त्याला दावा लावता येई. छपराचे कवेलू मात्र तिनेच फेरायचे.

1937 च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला. तो आणणारे डॉ. गो. वि. देशमुख मुंबईचे, आपल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांशी गल्लत नको. पण हा वाटाही मर्यादितच होता. 17 जून 1956 ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि कलम 14 ने ती मर्यादा काढली. त्याच कलमात एक फट राहिली: मृत्युपत्रातच हक्क मर्यादित लिहिला असेल, तर तो तसाच राहतो. 1977 साली तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फट अरुंद केली. पोटगीच्या पूर्वीच्या हक्कापोटी मिळालेली मिळकत बाईच्या पूर्ण मालकीची ठरली. म्हणजे ‘तहहयात’ लिहूनही भांडण मिटतेच असे नाही.

आणि दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. तिची वाटणी फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेत स्वच्छ आहे. उपभोग घेणाऱ्याने डागडुजी करावी. मोठ्या भिंती, तुळया, अख्खे छप्पर हा मालकाचा खर्च. मात्र डागडुजीअभावी छप्पर गेले, तर भुर्दंड उपभोग घेणाऱ्यालाच. वऱ्हाडी हिशेबाने कवेलू फेरणे आईकडे, तुळई बदलणे पोरांकडे.

आपल्या मृत्युपत्रांत हे सहसा नसते. आई म्हणते, घर पोरांचे. पोरे म्हणतात, राहते आई. वकिलाकडे जाल तेव्हा ‘तहहयात’पुढे एक ओळ जास्तीची लिहून घ्या: डागडुजी कोणाची, छप्पर कोणाचे आणि घरपट्टी कोण भरणार.