सालई आणि वर्तमानपत्राचा कागद

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावरून इतिहासाकडे पाहताना फारुकी सुलतान, मोगल सुभेदार आणि मुमताजमहलचा १६३१ मधील मृत्यू यांचेच स्मरण होते. याच परिसरातील सालई या वृक्षाची आठवण मात्र क्वचितच निघते.

सालई म्हणजे संस्कृत ग्रंथांतील शल्लकी. हत्तीला तिचा पाला प्रिय, म्हणून तिला ‘गजभक्ष्या’ असेही नाव मिळाले. सातपुड्याच्या ज्या कोरड्या, खडकाळ उतारांवर साग नीट वाढत नाही, तेथे ती तग धरते. तिच्या खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. खोडाला खाचा पाडल्यावर पाझरणारा सुगंधी डिंक धुपासाठी व औषधासाठी वापरतात. मात्र खाचा अति झाल्या की झाड खंगते. लाकूड मऊ असल्यामुळे इमारतीसाठी त्याला सागाची प्रतिष्ठा कधीच लाभली नाही.

हाच मऊपणा पुढे मोलाचा ठरला. वृत्तपत्री कागदासाठी लाकूड दळून केलेला लगदा लागतो. थंड देशांत तो सूचिपर्णी वृक्षांपासून मिळतो. भारताला मात्र हा कागद आयात करावा लागे. सालईचा लगदा या कामी चालतो असे दिसून आल्यावर, सालई व बांबूची वने, तापीचे पाणी आणि लोहमार्ग यांच्या सान्निध्यात नेपानगर वसले. १९४७ मध्ये खाजगी कंपनी म्हणून आरंभ झालेली ही गिरणी पुढे सरकारी झाली. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. देशातील ही पहिली वृत्तपत्री कागदाची गिरणी, आणि १९८१ पर्यंत एकमेवही.

म्हणजे जवळजवळ पाव शतक, या देशात तयार झालेल्या वृत्तपत्री कागदात सातपुड्याच्या सालईचा अंश होता. साक्षरतेच्या आणि लोकशाहीच्या प्रसाराचे श्रेय आपण संपादकांना देतो. अरण्याने भरलेल्या किमतीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. पुढे गिरणी रद्दी कागदाकडे वळली. २०१६ मध्ये थांबलेले उत्पादन नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेही रद्दीच्याच आधारावर.

सालईची फांदी जमिनीत खोचली तरी मूळ धरते. एवढी सोशिक जात टिकवायला फारसे काही लागत नाही. तोडीला आणि खाचांना मर्यादा घातली, तरी पुष्कळ होईल. छापील अक्षरावर जगणाऱ्यांनी तरी हे ऋण विसरू नये.