रहाट, मोट आणि काटकोनात वळणारी गती : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

मराठीतील ‘रहाट’ हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’, प्राकृत ‘अरहट्ट’ या क्रमाने आला, याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही. पंचतंत्रातील गंगदत्त बेडूक भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून विहिरीबाहेर पडतो, तो अरघट्टाच्या घटमाळेवर चढूनच. शब्दाचे हे प्राचीनत्व पाहून रहाटाचे यंत्रही, विसाव्या शतकात खेड्यापाड्यांतून दिसे त्याच स्वरूपात, तितकेच प्राचीन असले पाहिजे असे अनुमान काढण्याचा मोह होतो. हे अनुमान सदोष आहे. शब्दातील ‘अर’ म्हणजे चाकाचा आरा. चाकाला आरे होते एवढेच शब्द सांगतो. त्याला दाते होते की नाही, आणि ते माणूस फिरवी की बैल, याविषयी तो मौन पाळतो.

यंत्राच्या दृष्टीने सारे महत्त्व या दात्यांनाच आहे. बैल जमिनीवर वर्तुळात फिरतो. म्हणून त्याने फिरविलेला खांब उभा असतो. घटमाळ विहिरीतून वर यावयाची, म्हणून तिच्या चाकाचा दांडा आडवा असावा लागतो. उभ्या दांड्याची गती आडव्या दांड्याला द्यावयाची म्हणजे ती काटकोनात वळवावी लागते. त्यासाठी एका चाकाच्या परिघावर लाकडी खुंट्या ठोकून त्या दुसऱ्या चाकाच्या खुंट्यांत अडकतील अशी जुळणी करावी लागते. खुंट्यांमधील अंतर दोन्ही चाकांवर सारखे हवे, एवढे पथ्य पाळले की बाकीची थोडीबहुत ओढाताण असली साधी रचना सहन करते. मोडलेली खुंटी काढून नवी ठोकता येते. इरफान हबीब यांनी 1969 साली भारतीय इतिहास काँग्रेसमधील आपल्या भाषणात असे मत मांडले की, प्राचीन अरघट्टाला दाते असल्याचा पुरावा नाही आणि दंतचक्राची जोड त्याला मध्ययुगात मिळाली. बाबराच्या आत्मचरित्रात लाहोर, दिपालपूर, सरहिंद या भागांतील रहाटाचे जे वर्णन आहे, त्यात मात्र दातेरी चाक निःसंदिग्धपणे येते. त्याच ठिकाणी आग्र्याकडील चामड्याच्या मोटेचेही वर्णन असून ती पद्धत बाबराला कष्टाची आणि गलिच्छ वाटली. बैल हाकण्यास एक माणूस व मोट रिकामी करण्यास दुसरा, शिवाय दोर प्रत्येक खेपेस बैलांच्या शेणामुतातून ओढला जाणार, हे त्याच्या नाराजीचे कारण होते.

बुलढाणा जिल्हा हा मोटेचा मुलूख होता, रहाटाचा नव्हे. मात्र येथील मोट बाबराने पाहिलेल्या मोटेहून वेगळी होती. दख्खनच्या मोटेला खाली चामड्याची सोंड असते. मोटेला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोंदूर असे दोन दोर बांधलेले असतात. मोट वर आली की सोंदुराने सोंड थारोळ्याकडे ओढली जाऊन पाणी आपोआप रिकामे होते. विहिरीच्या काठावरचा दुसरा माणूस त्यामुळे अनावश्यक ठरला. बैल उतरत्या धावेवरून चालत असल्यामुळे त्यांच्या अंगाचे वजनही ओढीला उपयोगी पडे. (‘धाव’ हाच शब्द चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीलाही आहे, गाडीवान आणि मोटकरी एकच शब्द दोन अर्थांनी वापरीत आणि त्यांचा कधी घोटाळा होत नसे.) गतीची दिशा बदलण्याचे काम येथेही होतेच, कारण मोट उभी वर येते आणि बैल आडवे चालतात. परंतु ते काम विहिरीवरचे चाक व दोर मिळून करीत. दात्यांची गरजच पडत नसे.

मग रहाट येथे का रुजला नाही? सुतारांना दातेरी चाक करणे साधले नाही, असे उत्तर देणे अन्यायाचे होईल. तुंबा, आरे, पुट्ठे आणि आख यांची अचूक जुळणी करून बैलगाडीचे चाक घडविणाऱ्या कारागिराला परिघावर समान अंतराने खुंट्या बसविणे अशक्य नव्हते. कापूस रेचण्याच्या हातयंत्रातही दोन लाटा एकमेकींच्या विरुद्ध फिराव्यात म्हणून त्यांच्या टोकांना लाकडात कोरलेले मळसूत्र असे. म्हणजे एका दांड्याची गती दुसऱ्याला देण्याची कल्पना कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला घरचीच होती; फक्त तेथे दांडे समांतर होते.

कारण पाण्यात शोधावे लागते. जिल्ह्याचे घाटावरील आणि घाटाखालील असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे पाणी मचूळ, बागायतीला निरुपयोगी. जे पाणी पिकाला देता येत नाही ते उपसण्यासाठी यंत्र कोण उभारील? घाटावर चिखली–मेहकरकडे काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरी असून त्यांचे पाणी उन्हाळ्यात पुष्कळ खाली जाते. पाणी जितके खोल तितकी घटमाळ लांब, आणि भरलेल्या गाडग्यांचे सारे वजन त्या लाकडी खुंट्यांवर सतत पडणार. पातळी उतरेल तशी माळ वाढवावी लागणार. मोटेला मात्र नाडा लांब सोडला की पुरते. याउलट कोकणच्या किनाऱ्यावर वाळूच्या जमिनीत पाणी उथळ व बारमाही असल्याने नारळी-पोफळीच्या बागांत रहाट चांगला रुजला. औरंगाबादच्या प्रसिद्ध पाणचक्कीतही पाण्याचे चाक आडवे ठेवून त्याच्याच उभ्या दांड्यावर जात्याची तळी फिरविली आहे. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हिअसने वर्णिलेल्या पाणचक्कीत उभे चाक व त्याला जोडलेले दंतचक्र आहे. येथे काटकोनाचा प्रश्नच उत्पन्न होऊ दिलेला नाही. काटकोन टाळता येत असेल तर टाळावा, हा शहाणपणाच होता, कारण प्रत्येक दात्यावर घर्षणाने शक्ती वाया जाते.

पुढे कारखाने आले तेव्हाही हे धोरण फारसे बदलले नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली आणि 1870 मध्ये जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला झाला. त्यानंतर वाफेवर चालणाऱ्या जीन-प्रेस कारखान्यांनी खामगाव, मलकापूर, शेगावचे रूप पालटले. अशा कारखान्यांच्या मांडणीत इंजिनाचा दांडा व यंत्रांच्या ओळीखालचा लांब दांडा शक्यतो समांतर ठेवून चामड्याच्या पट्ट्याने गती देत. नाइलाज झाला तरच शंक्वाकार दंतचक्रांची बिडाची जोडी बसवीत. ती जोडी ओतणे व अचूक कापणे हे गावच्या लोहाराच्या भात्यापुढचे काम नव्हते. घरगुती काटकोनी जोडणीची खरी अडचण येथे होती : कल्पना साधी, पण पोलादी दाते महाग.

ही अडचण दूर केली ती मोटारीच्या भंगाराने. मोटारीच्या मागील आसात इंजिनाकडून येणारा दांडा चाकांच्या आसाला काटकोनात भेटतो; म्हणजे हवी ती वस्तू तेथे आयती, तेलबंद पेटीत मिळते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली, आणि मुंबई–कलकत्ता महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव याच गावांवरून जात असल्याने जुन्या गाड्यांचे सुटे भाग या बाजूस दुर्मिळ राहिले नाहीत. जुन्या विलिज जीपच्या आसात लहान चक्राला 8 व मोठ्याला 43 दाते असतात. आस उभा करून त्याचे एक टोक बैलाच्या जुवाडीने फिरविले आणि आतील भेदचक्रे डाग देऊन पक्की केली, तर आडवा दांडा सुमारे 5.4 पट वेगाने फिरतो. भेदचक्रे मोकळी ठेवून आसाचे दुसरे टोक जखडले, तर वेग याच्या निम्मा, म्हणजे 2.7 पट मिळतो. कारण मोकळ्या भेदचक्रांत मोठे चक्र दोन टोकांच्या वेगांच्या सरासरीने फिरते आणि जखडलेल्या टोकाचा वेग शून्य असतो. बैल मिनिटाला 2 फेरे घालतो असे धरले तरी पहिल्या पद्धतीत मिनिटाला जेमतेम 11 फेरे होतात. कडबा तोडण्याच्या यंत्राला निदान आणखी एक मोठी कप्पी लागते आणि केंद्रोत्सारी पंपाला तर एवढ्याने काहीच होत नाही.

या जुगाडात एक दोष हमखास राहतो. आस आडवा राहील या हिशेबाने पेटीतील तेलाची पातळी ठरविलेली असते. तो उभा केला की तेल खालच्या टोकाशी साचून तेथील सीलमधून गळू लागते आणि वरचे बेअरिंग कोरडे पडते. म्हणून वर ग्रीस भरण्याची स्वतंत्र सोय करावी लागते, नाहीतर एका हंगामात बेअरिंग जाते. भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात येते. ‘क्राउन’, ‘पिनियन’, ‘बेअरिंग’, ‘सील’ ही नावे मोटारीबरोबर जशीच्या तशी आली, पण बैलगाडीचा ‘आख’ मात्र अक्षाचा तद्भव म्हणून गाडीपाशीच थांबला. मोटारीच्या दांड्याला तो शब्द कारागिरांनी दिला नाही. त्याला ते ‘एक्सल’च म्हणतात.