शिवण मिशनची, नक्षी कुणाची?

आपला संशोधन-प्रश्न कुठे घसरतो ते एका उदाहरणातून बघू. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या उत्तरेला टिवी बेटं आहेत. त्यातल्या बॅथर्स्ट बेटावर १९११ मध्ये कॅथलिक मिशन आलं. पुढे १९६९ मध्ये तिथेच टिवी स्त्रियांचं 'बिमा वेअर' सुरू झालं. कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करायचं आणि त्याचेच कपडे शिवायचे.

मी आधी टिपणात लिहून मोकळी झाले होते : 'मिशनमुळे स्त्रिया शिवण शिकल्या.' वाक्य खोटं नाही. पण मग नावाकडे लक्ष गेलं.

बिमा ही टिवी कथेतली आई. ती दिराबरोबर रानात गेली, इकडे तान्हा जिनानी उन्हात मेला. नवरा पुरुकुपारली मुलाला घेऊन समुद्रात शिरला आणि तेव्हापासून माणसाला मरण लागलं. बिमा करवानक झाली (आपल्याकडच्या करवानकाचाच भाऊबंद!), रात्रभर रडत फिरते.

या पहिल्या मृत्यूपासून पुकुमानी हा अंत्यविधी आला. त्यात अंगावर 'जिलामारा' रंगवतात, मृताच्या आत्म्याने आपल्याला ओळखू नये म्हणून. म्हणजे बघा, ही नक्षी कापडाच्या कितीतरी आधीपासून अंगावरच होती. मिशनने अंग झाकलं. स्त्रियांनी झाकणाऱ्या कापडावरच तिला जागा केली.

आता सांगा, असा झगा प्रबंधाच्या कुठल्या प्रकरणात घालाल, 'हस्तकला' की 'अंत्यविधी'? मी सध्या दोन्हीकडे खूण करून ठेवलीय. मार्गदर्शक वैतागलेत.