बंब परत येईपर्यंत

काळात मागे जायला यंत्रबिंत्र काही लागत नाही. तुम्ही भायखळ्याच्या बंबखान्यातल्या क्वार्टर्सच्या गॅलरीत उभे आहात, तारीख १४ एप्रिल १९४४, वार शुक्रवार. दुपारचे अडीच वाजून गेलेत. खालून घंटा घणघणते आणि शेजारच्या खोलीतला माणूस अर्धा घास ताटात टाकून निघतो. बायको दाराशी येते, पण "सांभाळून जा" म्हणत नाही. ते म्हटलं की अपशकुन होतो, असं इथल्या बायका मानतात. ती ताट झाकून ठेवते. रेशनचा तांदूळ आहे, वाया घालवून चालणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहे ते तिला नाही. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं आहे. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आहेत आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात भरायचा, ही युद्धकाळाची घाई. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नाही. दोन नंबरच्या फाळक्यातून धूर येतोय, बंबवाले त्यात पाणी ओतताहेत आणि ते पाणी उकळतंय. आत काय आहे हे त्यांना आता कळलेलं आहे. ते होस सोडून पळालेले नाहीत.

ओरडून सांगावंसं वाटतं ना? सांगून काय होणार, तो तर केव्हाच पोचलाय.

४ वाजून ६ मिनिटांनी पायाखालची फरशी हलते. भांडी फळीवरून खाली येतात. जपान्यांनी बॉम्ब टाकला, असं कुणीतरी खालून ओरडतं. चौतीस मिनिटांनी दुसरा धक्का बसतो. हे हादरे दूर सिमल्यातल्या भूकंपमापकावरही उमटले, हे पुढे पुस्तकांत येईल. गॅलरीतल्या बायकांना आत्ता एकच गोष्ट हवी आहे, परत येणारा बंब. एखादा आला की त्या त्यावरची माणसं मोजतात, चेहरे मागाहून बघतात.

ती रात्र मी तुम्हाला पुरती बघायला सांगणार नाही. मांडवी, मशीद बंदर पेटलंय. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. काहींचं घरी आणण्यासारखं काही उरलं नाही, मग घरच्यांनी रडायचं तरी कशासमोर? आणि त्यांना बातमी वाचायचीही सोय नाही. सरकारने ती दाबून धरली आहे. स्फोटाचा तपशील बाहेर पडायला मे महिना उजाडणार. शेजारीण मात्र वर्तमानपत्राची वाट पाहत बसत नाही. ती दवाखान्यांत फिरते, प्रत्येक खाटेशी वाकून बघते.

तिचा नवरा सापडतो. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी येतो. चाळ सुटकेचा श्वास टाकते, कुणीतरी नारळ फोडतं. इथेच थांबून बघा, कारण गोष्टी सांगणारे नेमके इथून उठून जातात. एका कानाने त्याला ऐकू येत नाही. जेवतो, ड्यूटीवर जातो, पगार आणून देतो. पण कापसाच्या गादीवर निजत नाही. पहिल्या रात्री ती उचलून गॅलरीत टाकली आणि घोंगडी अंथरली. कापूस जळल्याचा वास येतो म्हणाला. बायकोने गादी हुंगून पाहिली, तिला काही आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने न बोलता ती विकून टाकली. पोराच्या हातून तांब्या पडला की तो ताडकन उठतो आणि मग त्या पोरावरच हात टाकतो. पोरं बापाची पावलं ओळखून गप्प बसायला शिकतात. समोरच्या खोलीतली बाई स्फोटाच्याच दिवशी विधवा झाली. तिच्यासमोर हिला तक्रारही करता येत नाही. "तुझा आला तरी," असं ती एकदाच म्हणते. तेवढं पुरतं.

या सगळ्याला १९४४ च्या त्या चाळीत कोणी आजार म्हणत नव्हतं. डॉक्टरांच्या यादीत 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, हे नाव यायला १९८० साल उजाडलं, आणि त्यालाही व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक लागले.

गॅलरीतून हलू नका, फक्त साल बदला. ९ मे २०१५, शनिवार, संध्याकाळ. आता बातमी कोणी दाबत नाही, उलट ती घरच्यांच्या आधी पोचते. काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली आहे. इमारत जुनी, लाकडाची, गल्ली अरुंद. टीव्हीच्या पट्टीवर 'अधिकारी अडकले' एवढंच फिरतंय आणि क्वार्टर्समधल्या प्रत्येक घरात फोन लावला जातोय. इमारत कोसळते. दोन अधिकारी तिथेच जातात. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात झुंजतात. मे संपण्याआधी तेही जातात. त्या दोन आठवड्यांत रुग्णालयाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांना कोणी 'वीरपत्नी' म्हटलं, तर ते त्यांना ऐकू तरी जाईल का? मला तो शब्द फार सोयीचा वाटतो. तो दिला की आपली जबाबदारी संपते.

दरवर्षी १४ एप्रिलला त्या ६६ जणांना मानवंदना दिली जाते आणि देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. ते योग्यच आहे. पण मोठ्या आगीनंतर परतलेल्या प्रत्येक जवानाशी, आणि त्याच्या घरच्यांशीही, जाणत्या माणसाने बसून बोलणं हा ड्यूटीचाच भाग असायला हवा. मागेल त्याला नव्हे, सगळ्यांनाच. मागणारा भित्रा ठरतो, म्हणून कोणी मागत नाही.

आता आपल्या काळात या, एक काम बाकी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आगीविरुद्धची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तुमच्या सोसायटीचा शेवटचा दाखला कधीचा आहे, ते सेक्रेटरींना विचारा. आणि जिन्यातलं ते जुनं कपाट या रविवारी हलवा. वर्दी गेली तर वर चढणारा माणूस त्याच जिन्याने येणार आहे.