खंदकाचा पंचनामा

कोलकात्याच्या बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. खंदक केव्हाच बुजला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले आणि 'बर्गी' हा शब्द तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसला. बर्गी म्हणजे आपला बारगीर. त्या लुटीत बंगालची खेडी होरपळली, हे मराठी माणसाने मान खाली घालूनच सांगायला हवे. धास्तावलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे तिथवर आलेच नाहीत आणि काम थांबले.

युद्धाआधी पुरावा किती पारखला जातो, हे पाहायला मला या अर्धवट खंदकाइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही.

१७५६ च्या एप्रिलमध्ये सिराज उद्दौला बंगालच्या नवाबाच्या गादीवर आला. इंग्रजांवर त्याचे आरोप तीन होते: परवानगीवाचून तटबंदी आणि खंदक, दस्तकांच्या, म्हणजे जकातमाफीच्या परवान्यांच्या, गैरवापराने बुडवलेली जकात, आणि दरबारातून पळालेल्यांना आसरा. दस्तकांचा आरोप खराच होता. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर आपला खासगी मालही कंपनीच्या दस्तकावर फिरवत. खंदकाचे तसे नव्हते. गव्हर्नर ड्रेकने कळवले की खंदक मराठ्यांच्या स्वारीच्या वेळचा आहे, आधीचा नवाब अलिवर्दी खान याला तो ठाऊक होता. आता फ्रेंचांच्या भीतीने नदीकाठच्या तोफांची डागडुजी तेवढी चालू आहे. हे उत्तर नवाबाला राजमहाल या गावी मिळाले. तो भडकला आणि फौज कोलकात्याकडे वळली.

शेताच्या बांधावरून तंटा झाला तरी आपल्याकडे चार माणसे जागेवर जातात, पंचनामा होतो. तेरा पावसाळे खाल्लेला काठ आणि काल उपसलेली माती यांतला फरक कुणाही कुणब्याला डोळ्यांनी दिसतो. पण ड्रेकने त्याआधीच नवाबाचा माणूस नारायणसिंग याला शहरातून हाकलले होते, आणि नवाबाने उत्तर वाचून लगेच घोडी फिरवली. पाहण्यासारखी वस्तू उघड्यावर पडलेली असताना ती दोघांनी मिळून पाहण्याच्या पलीकडे नेली. याचा मला आजही राग येतो.

२० जूनला कोलकाता पडले. त्या रात्री किल्ल्यातल्या कोठडीत कैदी गुदमरून मेले. त्यातून वाचलेल्या हॉलवेलने पुढे लिहिले, आत १४६ होते, १२३ मेले. आधीच्या पत्रात त्याने आकडा याहून मोठा दिला होता. कोठडी १८ फूट लांब, १५ फुटांना थोडी कमी रुंद; म्हणजे माणशी दोन चौरस फूटही नाहीत. अक्षयकुमार मैत्रेय यांनी या आकड्यावर बोट ठेवले, १९१५ मध्ये लिटल या इंग्रजानेही ठेवले. इतिहासकार ब्रिजेन गुप्ता यांचा हिशेब आत ६४ आणि मृत ४३ असा निघतो. ४३ माणसांचे असे मरणही भयंकरच आहे. त्याला फुगवण्याची गरज नव्हती.

आणि लढाईला निघताना हे मरण तरी मोजले गेले का? क्लाइव्हने २ जानेवारी १७५७ ला कोलकाता परत घेतले. नवाबाशी ९ फेब्रुवारीला झालेल्या अलीनगरच्या तहात जकातमाफी आहे, लुटलेल्या मालाची भरपाई आहे, टाकसाळ आहे, तटबंदीची मोकळीकही आहे. कोठडीतल्या मृतांसाठी एक कलम नाही. हॉलवेलची हकीगत लंडनला छापून आली १७५८ मध्ये, प्लासी होऊन गेल्यावर. पुढे शाळेच्या पुस्तकांनी तिलाच युद्धाचे कारण केले. हॉलवेलने मृतांसाठी उभारलेले स्मारक पुढे पाडले गेले होते. कर्झनने १९०२ मध्ये संगमरवरात ते पुन्हा उभारले. सुभाषबाबूंनी १९४० मध्ये त्याविरुद्ध चळवळ उभी केली, त्यांना अटक झाली, आणि त्याच वर्षी स्मारक तिथून हलवून सेंट जॉन चर्चच्या आवारात नेले गेले. तिथे ते आजही आहे.

खंदकाचे राहिलेच. प्लासीच्या आधी, जून १७५७ मध्ये नवाबाचा सरदार मीर जाफर याच्याशी इंग्रजांचा गुप्त करार झाला. त्यात एक कलम असे: खंदकाच्या आतली सगळी जमीन कंपनीची, शिवाय खंदकाबाहेर आणखी सहाशे यार्ड. वर्षापूर्वी जो गुन्ह्याचा पुरावा होता, त्याच्यापासून आता जमीन मोजली जाणार होती. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड केला. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावांच्या रस्त्यांवरून आज बस धावते, ती बरीचशी त्याच मातीवरून.